दर सहा महिन्यांनी हेडफोन ॲम्प बदलावासा वाटतो? आधी दोष कुठे आहे ते शोधा

दुखणं असं आहे. हेडफोन तेच, त्यांना ताकद पुरवणारा ॲम्प तोच, गाणीही तीच. पण चार-सहा महिने गेले की एका संध्याकाळी वाटायला लागतं, आवाजात काहीतरी कमी पडतंय. जीव नाही. मग रात्री उशिरापर्यंत नव्या ॲम्पची माहिती वाचत बसायचं, खिसा चाचपायचा आणि शेवटी मन मारायचं किंवा ऑर्डर देऊन टाकायची. दोन्हींतलं काहीही केलं तरी सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

या फेऱ्यात मी तीनदा अडकलो. पहिल्यांदा ॲम्प घेतला आणि पैसे वाया गेले. दुसऱ्यांदा घेतला आणि तो खरोखरच लागणार होता. तिसरी खेप ताजी आहे, तिच्याबद्दल शेवटी. पहिल्या आणि दुसऱ्या खरेदीत फरक होता तो एवढाच की दुसऱ्या वेळी मी आधी मोजलं होतं. बजेट तुटपुंजं असेल तर हे मोजणं टाळू नका. सगळं मिळून एक रविवार जातो.

पहिलं काम वही-पेनाचं. तक्रार एका वाक्यात लिहा. अट अशी की त्या वाक्यात 'ॲम्प' हा शब्द येता कामा नये. 'ॲम्पमध्ये दम नाही' हा निकाल झाला, तक्रार नाही. 'नॉब शेवटपर्यंत नेला तरी विलंबित आलाप नीट ऐकू येत नाही' ही तक्रार. 'गाणं थांबलं की सूंऽऽ असा आवाज राहतो' हीही तक्रार. 'पूर्वी डग्गा घुमायचा, आता नुसता ठकठक वाजतो' हीसुद्धा. वाक्य लिहिताच येत नसेल, नुसतीच हुरहुर असेल, तर खाली आंधळ्या चाचणीबद्दल लिहिलंय तिकडे थेट जा.

ॲम्पचं काम तसं मर्यादित असतं. हेडफोनला लागेल तेवढा व्होल्टेज आणि करंट द्यायचा, स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स (विजेला होणारा आतला अडथळा, ओहममध्ये) कमी ठेवायचा आणि स्वतःची खरखर मध्ये आणायची नाही. या तिन्हींत तो पास असेल तर उरलेला सगळा आवाज हेडफोनचा, कानावरच्या बैठकीचा आणि रेकॉर्डिंगचा. २०११ मध्ये एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अनामिक इंजिनिअरने ओ२ नावाच्या ॲम्पचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं आणि मोजमापं मांडून दाखवलं की साध्या, स्वस्त भागांतूनही या तिन्ही अटी व्यवस्थित पुऱ्या होतात. पुढच्या वर्षी तो गृहस्थ लिहिणं सोडून गायब झाला. पण स्वस्त ॲम्प म्हणजे तडजोड हा समज तेव्हापासून लंगडाच झालाय.

आवाज पुरत नाही

ही तक्रार सर्वांत प्रामाणिक, आणि यातच बहुतेक जण फसतात. ॲम्प कमकुवत ठरवण्याआधी त्याच्या मागे काय चाललंय ते बघा.

गाणी वाजवणारं ॲप सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करत असतं. स्पॉटिफायचं नेहमीचं सेटिंग सुमारे −१४ एलयूएफएसवर (गाण्याचा सरासरी आवाज मोजायचं एकक) धरलेलं असतं. म्हणजे −८ वर मास्टर केलेलं दणदणीत गाणं तिथे ६ डेसिबल खाली येतं. ॲप बदलल्यावर किंवा फोन नवीन घेतल्यावर 'ॲम्प बसला' असं वाटलं असेल तर आधी हे सेटिंग उघडा. दुसरं गिऱ्हाईक इक्वलायझर. बेस ६ डेसिबल वाढवलात तर आवाज फाटू नये म्हणून प्रीॲम्प −६ वर ठेवावा लागतो, आणि तेवढा एकूण आवाज उतरतो. यात चूक काहीच नाही, फक्त त्याचा हिशोब लक्षात ठेवा.

मग सोर्स, म्हणजे ॲम्पला सिग्नल देणारं उपकरण. ॲपलच्या छोट्या यूएसबी-सी डोंगलमधून साधारण १ व्होल्ट मिळतो, युरोपात विकल्या जाणाऱ्या आवृत्तीत त्याच्या निम्मा. टेबलावरच्या बहुतेक डॅकमधून (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारी पेटी) २ व्होल्ट. काही फोन आणि डोंगलच्या जोड्यांत फोनवरची पट्टी पूर्ण दिसते, पण डोंगलचा आतला व्हॉल्यूम अर्ध्यातच अडकलेला असतो. तोच डोंगल लॅपटॉपला लावून बघितलं की कळतं.

आणि गेन, म्हणजे आलेला सिग्नल ॲम्प किती पट करतो ते. ॲम्प ७ व्होल्ट देऊ शकत असेल, पण गेन १ पट आणि सोर्स १ व्होल्टचा असेल, तर नॉब मोडेपर्यंत फिरवा, १ व्होल्टच मिळणार. मागे किंवा खाली गेन बदलायचं एक छोटं बटण असतं, एच आणि एल किंवा नुसते ठिपके काढलेले. मी ॲम्प घेतल्यावर चार महिन्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं. उलटंही होतं. हाय गेनवर नॉब जेमतेम हलवला की कान फाटतात आणि लोक म्हणतात, काय ताकद आहे! ती ताकद नव्हे, नुसता गेन. नॉब कुठे थांबतो यावरून ॲम्पची कुवत कळत नाही.

एवढं करूनही आवाज कमीच असेल तर कागद घ्या. हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात: इम्पिडन्स आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेत किती मोठा आवाज निघतो ते). सेन्सिटिव्हिटी कधी १ मिलिवॅटला दिलेली असते, कधी १ व्होल्टला. या दोन्हींची गल्लत झाली तर निष्कर्ष पार उलटा निघतो, म्हणून एकक आधी वाचा. माझे हेडफोन २५० ओहमचे, १ मिलिवॅटला ९६ डेसिबल देणारे. २५० ओहमसाठी याचं व्होल्टमध्ये रूपांतर करताना ६ मिळवायचे: १ व्होल्टला १०२ डेसिबल. सर्वांत उंच शिखराला ११० डेसिबल हवेत असं धरलं, आणि ते भरपूर झाले, तर आणखी ८ डेसिबल, म्हणजे सुमारे २.५ व्होल्ट. करंट १० मिलिॲम्पिअर, पॉवर २५ मिलिवॅट. एवढंच. 'अडीचशे ओहम म्हणजे राक्षसी ॲम्प हवा' ही दंतकथा या एका ओळीत संपते.

याच्या उलट टोकाला हायफायमॅनचा एचई-६ हा हेडफोन आहे. ५० ओहम, पण १ मिलिवॅटला फक्त ८३.५ डेसिबल. तेच ११० गाठायला जवळपास ४५० मिलिवॅट लागतात: ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिॲम्पिअर. इथे ॲम्पचा प्रश्न खरा आहे. ओहम कमी म्हणजे हेडफोन सोपा, हे गृहीत इथे कोसळतं. आणि १६ ओहमचा, १ मिलिवॅटला ११० डेसिबल देणारा इअरफोन असेल तर त्याच पातळीला ०.१३ व्होल्ट पुरतो. तिथे ताकदीचा विषयच नाही, ॲम्प किती शांत आहे एवढंच बघायचं.

मल्टिमीटर लावून बघा

कागदावरचा हिशोब '११० डेसिबल' अशा गृहीतावर चालतो. तुम्ही प्रत्यक्षात किती मागता, ते मीटर सांगतो.

साध्या मल्टिमीटरने काम होतं, पण एक गोष्ट बघून घ्या. अगदी स्वस्त पिवळ्या मीटरवर एसीची सर्वांत लहान रेंज २०० व्होल्टची असते, त्यात अर्धा व्होल्ट वाचण्यात अर्थ नाही. एसीची २ व्होल्टची रेंज असलेला किंवा रेंज आपोआप निवडणारा मीटर हवा. तो कुणाकडून तासाभरासाठी मागून आणा. बरोबर एक जॅक-स्प्लिटर आणि जुन्या, मेलेल्या हेडफोनची कापलेली वायर. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या ॲपमध्ये ६० हर्ट्झचा सलग सूर तयार करा, ॲम्प्लिट्यूड ०.२५. म्हणजे −१२ डीबीएफएस, कमाल पातळीचा बरोबर एक चतुर्थांश.

आता तुमच्या संग्रहातलं सर्वांत हळू आवाजात रेकॉर्ड केलेलं गाणं लावा आणि तुम्ही कधीही जास्तीत जास्त जेवढा आवाज ठेवाल तिथपर्यंत नॉब न्या. तिथे पेन्सिलीने खूण करा. हेडफोन डोक्यावरून काढून टेबलावर ठेवा, जॅक मात्र लागलेलाच असू द्या. इक्वलायझर आणि आवाज सारखा करणारं सेटिंग बंद करा. सूर सुरू करा. कापलेल्या वायरीतली एक डावी किंवा उजवी तार आणि समाईक तार यांवर मीटरचे प्रोब लावा. त्या तारा एकमेकींना चिकटू देऊ नका, शॉर्ट होईल. तारांवर रंगीत वार्निश असतं, ते खरवडल्याशिवाय मीटर शून्यच दाखवतो. माझी पहिली वीस मिनिटं त्यातच गेली. बॅलन्स्ड आउटपुटला (जिथे डाव्या-उजव्याची समाईक तार नसते) हा उद्योग साध्या स्प्लिटरने करू नका.

माझ्या मीटरवर ०.४२ आला. चारने गुणून १.६८ व्होल्ट. याचा अर्थ, नॉबच्या त्या जागी डिजिटल फाइल कितीही ओरडली तरी तिचा सूर १.६८ व्होल्टच्या वर जात नाही. माझा तेव्हाचा छोटा ॲम्प २५० ओहमवर ५ व्होल्ट देत होता. म्हणजे साडेनऊ डेसिबल जागा पडून होती. त्याच्या दुप्पट, दहापट ताकदीच्या ॲम्पने त्या १.६८ व्होल्टमध्ये काय भर घातली असती? ज्या पाइपातून अर्धीच धार वाहते तो रुंद करून धार वाढत नाही.

ॲम्पच्या कागदावर व्होल्ट नसतात, मिलिवॅट असतात. ते व्होल्टमध्ये बदलायचे असतील तर वॅट गुणिले ओहम करा आणि वर्गमूळ काढा. २५० ओहमवर १०० मिलिवॅट म्हणजे ०.१ गुणिले २५०, २५, वर्गमूळ ५ व्होल्ट. '३२ ओहमवर १००० मिलिवॅट' ही जाहिरातीतली आवडती ओळ म्हणजे सुमारे ५.७ व्होल्ट, आणि २५० ओहमवर त्याच व्होल्टमधून १३० मिलिवॅटच्या आसपास. आकडा आठव्या हिश्श्यावर आला म्हणून घाबरायचं कारण नाही, व्होल्ट तेच आहेत. तसंच ५०० मिलिवॅटचा ॲम्प बदलून १००० चा घेतला तर पदरात पडतात ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० लागतात.

आता दुसरी खरेदी. वर्षभराने मी ५० ओहमचे प्लेनार (सपाट, पातळ पडद्याचे) हेडफोन घेतले. तोच छोटा ॲम्प लावला. संथ चालीपर्यंत ठीक होतं, पण डग्ग्यावर थाप पडली की चर्र करून आवाज फाटायचा. तीच चाचणी केली: मीटरवर ०.७८, म्हणजे मागणी ३.१ व्होल्टची. ॲम्प मात्र ५० ओहमवर २ व्होल्टच्या पुढे जात नव्हता, कारण करंट ४० मिलिॲम्पिअरवर संपत होता. जवळजवळ ४ डेसिबल तूट. २५० ओहमवर सुखात असलेला ॲम्प ५० ओहमवर घामाघूम. या वेळी ॲम्प घेतला, आणि चर्र गेलं ते पुन्हा आलं नाही.

सूर सापेक्ष असतो म्हणून हा प्रयोग जमतो. ॲम्प फाटायच्या खूप आधी, शांत पातळीवर मोजून आपण चारने गुणतो, त्यामुळे ॲम्प जे देऊ शकत नाही तेही कागदावर दिसतं.

एक आडवळण, पण गरजेचं. आवाज दर महिन्याला थोडा जास्त हवासा वाटत असेल तर दोष विजेचा नसेल, कानाचा असेल. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०. दोन दिवस हेडफोन न लावता काढा आणि मग नॉब कुठे थांबतो ते बघा. पेन्सिलीची खूण इथेही कामाला येते.

बेस पातळ झाला, आवाज चिरका झाला

इथे मी पहिल्यांदा पैसे घालवले. डग्गा घुमत नव्हता, वरचे सूर टोचत होते. वाचून वाचून डोक्यात पक्कं बसलं होतं की अडीचशे ओहमला ॲम्प 'कंट्रोल' करता येत नाहीये. मोठा ॲम्प आणला. पहिले दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी ठकठक परत.

महिनाभराने हेडफोन पुसताना कुशनच्या आत बोट घातलं तर ते थेट आतल्या जाळीला टेकलं. नवीन असताना तिथे बोटाच्या दोन पेरांएवढी जागा होती. फोम बसून पापडासारखा झाला होता, आणि गालाकडच्या बाजूला कुशन आणि कातडी यांच्यात फट राहत होती. त्या फटीतून बेस निघून जायचा आणि कान ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या पडद्याच्या) जवळ गेल्यामुळे वरचे सूर वेगळे लागायचे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कुशनची नवी जोडी ॲम्पच्या किमतीच्या मानाने चिल्लर होती. लावली आणि डग्गा घुमला. त्यानंतर तो मोठा ॲम्प तोट्यात विकला. (पुढे प्लेनारसाठी तोच चालला असता, हे आठवलं की अजून दात खातो.)

याची चाचणी दहा सेकंदांची आहे. बेस असलेलं गाणं चालू ठेवून दोन्ही तळव्यांनी कप हलकेच कानांवर दाबा. बेस भरून आला तर गळती आहे. चष्मा काढून पुन्हा ऐका, चष्म्याच्या दांड्याही फट पाडतात. इअरफोन असेल तर टिप्सचा आकार बदला, आणि नळीच्या तोंडाची जाळी उजेडात धरून बघा. एक बाजू हळू वाजते अशी तक्रार असेल तर हेडफोन उलटे घाला. हळू बाजू त्याच कानाला राहिली तर प्रश्न कानाचा आहे, मळ असू शकतो. हेडफोनबरोबर गेली तर हेडफोन उलटे न घालता फक्त ॲम्पमागच्या लाल-पांढऱ्या वायरी अदलाबदल करा: बाजू बदलली तर दोष वायरीत किंवा सोर्समध्ये, न बदलल्यास ॲम्प किंवा हेडफोन. नॉब अगदी खाली असतानाच एक बाजू हळू असेल तर तो व्हॉल्यूमच्या पॉटचा, म्हणजे नॉबमागच्या फिरत्या भागाचा, स्वभाव आहे. लो गेनवर जा किंवा कॉम्प्युटरवरून आवाज थोडा उतरवून नॉब वर आणा, प्रश्न मिटतो.

बेस बदलायला ॲम्प कारणीभूत असतो अशी एक परिस्थिती मात्र आहे, आउटपुट इम्पिडन्स जास्त असणं. नियम म्हणून हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून तो कमी असावा: ३२ ओहमच्या हेडफोनला ४ च्या आत. डायनॅमिक हेडफोनचा इम्पिडन्स सगळीकडे सारखा नसतो. सेनहायझर एचडी ६०० वर ३०० ओहम लिहिलेलं असतं, पण खालच्या सुरांत एका जागी तो ५०० च्या घरात चढतो. १२० ओहमच्या आउटपुटला तो जोडला तर त्या जागी आवाज सुमारे १ डेसिबल फुगतो. काहींना तो फुगवटा गोड लागतो, आणि ट्यूब ॲम्पच्या 'उबदार' आवाजातला बराच भाग हाच असतो. प्लेनारचा इम्पिडन्स जवळपास सपाट असतो, त्यांना या भानगडीने फरक पडत नाही. अनेक ड्रायव्हर असलेल्या इअरफोनला मात्र खूप पडतो, तिथे ॲम्प १ ओहमच्या आतलाच बघा.

आउटपुट इम्पिडन्स कागदावर दिलेला नसेल तर मोजता येतो. हेडफोन न लावता सुराचा व्होल्टेज वाचा, मग ३३ ओहमचा रेझिस्टर जोडून वाचा. ०.५० चा ०.४० झाला तर ०.५० भागिले ०.४०, १.२५, त्यातून १ वजा, उरलेल्या ०.२५ ला ३३ ने गुणा: सव्वाआठ ओहम.

सूंऽऽ, गुणगुण, खरखर

गाणं बंद, नॉब शून्यावर, तरी सूंऽऽ येतोय आणि नॉब फिरवून बदलत नाही: ॲम्पची स्वतःची हिस्स. आधी गेन उतरवा. संवेदनशील इअरफोनला तरीही ऐकू येत असेल तर शांत ॲम्प हे खर्चाचं रास्त कारण आहे. हिस्स नॉबबरोबर वाढत असेल तर ती सोर्सकडून येते, नवा ॲम्प तीच हिस्स अधिक स्वच्छपणे ऐकवेल.

गुणगुण जाड, एकसुरी असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गेली? मग अर्थिंगचा लूप आहे. सगळं एकाच एक्स्टेन्शनवर आणा, जमल्यास कॉम्प्युटर आणि डॅक यांच्यात ऑप्टिकल केबल घाला, तिच्यात तांबंच नसतं. माउस हलवला की किर्र ऐकू येत असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून पिन काढून मागच्या जॅकला लावा. पुढच्या जॅकची वायर आतून सगळ्या पसाऱ्यावरून जाते.

नॉब फिरवताना खरखर म्हणजे पॉटमध्ये धूळ. वीज बंद, पिन काढलेली, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, वीस-तीस वेळा नॉब इकडून तिकडे. याच्यासाठी ॲम्प फेकून देणारे लोक मी पाहिलेत.

हुरहुर, आणि आंधळी चाचणी

'मोकळेपणा नाही', 'पडदा आहे', 'दाणेदार लागत नाही'. या तक्रारी खोट्या असतात असं मी म्हणत नाही. पण यांचा उगम ॲम्पमध्ये क्वचितच सापडतो, आणि त्या सहा महिन्यांनी परत येतात त्या याच. मोकळेपणा मुख्यतः हेडफोनच्या बांधणीत असतो.

दुसरा ॲम्प हाताशी असेल, मित्राचा का असेना, तर असं करा. ४०० हर्ट्झचा सूर लावून दोन्ही ॲम्पचा आवाज मीटरवर जुळवा. ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे ०.५०० व्होल्टला इकडे-तिकडे ०.००६. हा हट्ट सोडू नका. अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला ॲम्प मोठा वाटत नाही, चांगला वाटतो, आणि कितीतरी खरेद्या त्या अर्ध्या डेसिबलवर झालेल्या असतात. मग कुणालातरी वायर बदलायला बसवा. बदलली की नाही हे त्याने सांगायचं नाही, तुम्ही ओळखायचं. सोळा वेळा.

मी धाकट्या भावाला बसवलं होतं. नवी कुशन लावून झाली होती, मोठा ॲम्प अजून विकायचा होता. पहिल्या चार वेळा मी ठामपणे बोट ठेवलं, पाचव्यांदा घाम फुटला. सोळापैकी नऊ बरोबर आले. नाणं उडवून आठ येतात. निव्वळ अंदाजाने बारा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते, तेव्हा बारा आले तर फरक आहे असं धरून पैसे खर्च करा. भाऊ मात्र त्या दिवसापासून माझ्या कानांविषयी काही बोललं की 'नऊ' एवढंच म्हणतो.

पैसे कुठे लावायचे

आवाजात सर्वांत मोठा बदल हेडफोन बदलल्याने होतो, आणि फुकटात सर्वांत मोठा बदल इक्वलायझरने. विंडोजवर इक्वलायझर एपीओ, अँड्रॉइडवर वेव्हलेट, आणि शेकडो हेडफोनची तयार सेटिंग्ज ऑटोईक्यू प्रकल्पात मिळतात. एक आठवडा ते चालू ठेवून बघा, मग बंद करून ऐका. खिशात मोजकेच पैसे असतील तर माझा क्रम ठरलेला आहे: कुशन किंवा टिप्स, मग इक्वलायझर, मग जास्त आवडतील असे हेडफोन. ॲम्प त्या रांगेत नाहीच, तो मीटर सांगेल तेव्हा.

बॅलन्स्ड आउटपुटने साधारण दुप्पट व्होल्टेज मिळतो, म्हणजे ६ डेसिबल. साडेनऊ आधीच पडून असतील तर त्यात आणखी सहा कुठे ठेवणार? ट्यूब ॲम्प आवडत असेल तर हौस म्हणून घ्या, खुशाल घ्या, फक्त घरी त्याला सुधारणा म्हणू नका. 'पुढे मोठे हेडफोन घेईन तेव्हा उपयोगी पडेल' हा युक्तिवाद म्हणजे बाजारात तुरी. ते हेडफोन आले की त्यांचा ओहम आणि त्यांची मागणी मोजा, तेव्हा घ्या. माझ्या विकून टाकलेल्या ॲम्पचं उदाहरण तुम्ही माझ्याविरुद्ध वापराल हे माहीत आहे. पण ठेवला असता तर वर्षभर तो कपाटात बसून राहिला असता, आणि ते पैसे अडकून पडले असते.

घ्यायचाच ठरला तर कागदावर तीन गोष्टी बघा: तुमच्या ओहमवर किती व्होल्ट, आउटपुट इम्पिडन्स किती, लो गेन आहे का. तुमच्या मागणीच्या दुप्पट व्होल्ट मिळत असतील तर थांबा, त्याच्यावरचा पैसा पेटीवर आणि दिव्यांवर जातो. वापरलेला ॲम्प घेत असाल तर दोन गोष्टी करून बघा. गाणं न लावता मीटर डीसीवर ठेवून आउटपुट वाचा: काही मिलिव्होल्ट चालतात, पन्नासच्या पुढे असतील तर परत द्या. आणि चालू-बंद करताना हेडफोन कानाला न लावता टेबलावर ठेवून धप्प असा आवाज येतो का ते ऐका.

तिसरी खेप गेल्या महिन्यातली. रात्रीचे अकरा, प्लेनार बाजूला ठेवून जुने अडीचशे ओहमवाले लावले होते, आणि पुन्हा वाटलं, दम नाही. वही काढली, लिहिलं: 'डग्गा पातळ'. तळव्यांनी कप दाबले, भरून आला. डावं कुशन ओढून काढलं. आतल्या बाजूला मी बसवल्याची तारीख बॉलपेनने लिहून ठेवतो आता. शाई घामाने पुसट झाली होती, पण वर्ष वाचता आलं. तीन वर्षं झाली होती. नवी जोडी मागवली आणि ॲम्पच्या चाचण्यांनी भरलेली सगळी पानं बंद करून झोपलो.